ओहोटीच्या डबक्यातले बोटभर मासे कसे ओळखायचे? गोबी आणि ब्लेनी या माशांच्या दोन कुळांत नेमका फरक काय?

रंगावर जाऊ नका. हे मासे खडकाप्रमाणे रंग बदलतात आणि मेल्यावर तर तो पार उतरतो. आधी कुळ ठरवा, जात नंतर.

मासा अरुंद काचटाकीत समुद्राच्याच पाण्यात ठेवा आणि खालून बघा. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखी चकती झाली असेल आणि पाठीवर दोन सुटे पर असतील, तर बहुधा गोबी. पहिल्या परात सहसा 6 काटे असतात. निवटीही (चिखलावर सरपटणारा मासा) याच गटातली, फक्त डोळे डोक्याच्या माथ्यावर. चकती आहे, पण पाठीवर शेपटीजवळ एकच बिनकाट्याचा पर आणि अंगावर खवले नाहीत? मग तो क्लिंगफिश. इथे हमखास फसगत होते.

ब्लेनीच्या पाठीवर एकच लांबलचक पर, अंग बिनखवल्याचं, पोटाखालचे पर अगदी गळ्याशी, काडीसारखे. डोळ्यांवर बऱ्याचदा झुपके असतात. त्यांच्या फांद्या मोजा, जात ठरवताना कामी येतात.

जातीसाठी परातले काटे आणि मऊ किरण (पराला आधार देणाऱ्या लवचिक काड्या) भिंगाखाली मोजावेच लागतात. शेवटचे दोन किरण एकाच बुडातून निघत असतील तर ते एकच धरायचे. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत घ्या, पर वगळून.

नमुना ठेवायचाच असेल तर फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं द्रावण) टाकण्याआधी पराचा तुकडा 95% इथेनॉलमध्ये काढून ठेवा. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. पिल्लांची जात मात्र नुसत्या फोटोवरून सांगू नका.