उडती तबकडी, यूएफओ आणि ओळख पटणं

विचारणा अशी आहे: ‘प्रोजेक्ट ब्लू बुक या अमेरिकी हवाई दलाच्या यूएफओ-चौकशीवरचा लेख मराठीत आणताना मी यूएफओसाठी (अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट) सगळीकडे “उडती तबकडी” लिहिलं. संपादकांनी ते खोडून “अज्ञात उडती वस्तू” केलं. बरोबर कोण? शिवाय हल्ली यूएपी (अनआयडेंटिफाइड ॲनॉमलस फिनॉमिनन) म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं?’

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातलं एक वाक्य आधी घेतो. ‘अमेरिकी हवाई दलाने १२,६१८ उडत्या तबकड्यांची चौकशी केली.’ वाचल्यावर वाटतं, तबकड्या रांगेत उभ्या आहेत आणि समोर एक अधिकारी वही उघडून एकेकीला नाव-गाव विचारतोय. आकडा अगदी बरोबर आहे. १९४७ ते १९६९ या काळातल्या इतक्या नोंदी ब्लू बुकच्या दप्तरात जमा झाल्या. पण त्या नोंदी होत्या, तबकड्या नव्हेत. त्यातल्या ७०१ सोडून बाकीच्यांना शेवटी ग्रह, तारे, विमानं, फुगे असली काहीतरी नावं मिळाली किंवा माहिती अपुरी म्हणून त्या बाजूला पडल्या. तुमचं वाक्य वाचणाऱ्याला मात्र चौकशी सुरू व्हायच्या आधीच निकाल कळतो.

म्हणून संपादकांनी तबकडी काढली ते योग्यच झालं. तिच्या जागी जे घातलं त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्याकडे येतो.

आधी तबकडीची बाजू मांडू द्या, कारण हा शब्द उगाच बदनाम झालाय. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर डोंगराजवळ नऊ चमकत्या वस्तू भरवेगात जाताना दिसल्या. त्या कशा चालल्या होत्या हे सांगताना तो म्हणाला की पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाईल, तशा. उपमा गतीला होती. त्याने लष्कराला काढून दिलेलं चित्र पुरतं गोल नव्हतंच. पण वर्तमानपत्रांनी बशी आकाराला चिकटवली आणि ‘फ्लाइंग सॉसर्स’, म्हणजे ‘उडत्या बशा’, जगभर झाल्या.

मराठीत मात्र बशी आली नाही. चहाची बशी आपल्या घराघरांत होती, शब्दशः भाषांतर समोर तयार होतं, तरी आपण तबकडी घेतली. तबक हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, ओवाळणीचं किंवा पानसुपारीचं ते तबक. त्याला ‘डी’ लागली आणि चपट्या गोल वस्तूंचं एक मोठं कुटुंबच तयार झालं: ग्रामोफोनची तबकडी, घड्याळाची तबकडी, जुन्या टेलिफोनची बोटाने फिरवायची तबकडी. म्हणजे आपल्या शब्दात बशीची खोलगट वाटी नाही, नुसती चकती आहे. गंमत अशी की लष्करी कागदांत त्या वर्षी चकतीच होती. ८ जुलै १९४७ला न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉसवेलच्या लष्करी विमानतळाने जे पत्रक काढलं त्यात उडती ‘डिस्क’ हाती लागल्याचं म्हटलं होतं (थोड्याच वेळात तो हवामानाचा फुगा झाला, हवाई दलाने पुढे १९९४ मध्ये सांगितलं की ते अवशेष मोगल नावाच्या गुप्त प्रकल्पातल्या फुग्यांचे होते). सप्टेंबर १९४७ मध्ये जनरल नेथन ट्वायनिंग यांनी या प्रकरणावर जे गाजलेलं पत्र लिहिलं त्याच्या विषयातही ‘फ्लाइंग डिस्क्स’च आहे. तेव्हा १९४७चा कागद मराठीत आणताना ‘तबकडी’ हा नुसता चालवून घ्यायचा शब्द नाही, तिथे तोच नेमका आहे.

हेच ब्रिटनबद्दल. त्यांच्या संरक्षण मंत्रालयाने १९५० मध्ये एक गट नेमला, त्याचं अधिकृत नावच ‘फ्लाइंग सॉसर वर्किंग पार्टी’. तिथे ‘अज्ञात वस्तू कार्यगट’ असं सोज्वळ नाव देणं म्हणजे मूळ मंडळींच्या तोंडचा शब्द पुसणं. ‘उडती तबकडी कार्यगट’ लिहा. ऐकायला मजेशीर वाटतं, पण ते मुळातही तितकंच मजेशीर होतं.

शब्द पालटला तो १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकी हवाई दलाची चौकशी तोवर दोन नावांनी होऊन गेली होती, १९४८चा प्रोजेक्ट साइन आणि १९४९चा प्रोजेक्ट ग्रज. मार्च १९५२ मध्ये ओहायोतल्या डेटनजवळच्या राइट-पॅटरसन तळावर ब्लू बुक सुरू झाला आणि त्याचे पहिले प्रमुख होते कॅप्टन एडवर्ड रूपेल्ट. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोकांना गोळे दिसतात, सिगारच्या आकाराचं काही दिसतं, कधी नुसता दिवा दिसतो. या सगळ्याला बशी कसं म्हणायचं? ‘अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट’ हे नाव त्यांनी रुळवलं. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार ते ‘यू-फो’ असा करायला सांगत. आपण मराठीत तिन्ही अक्षरं सुटी म्हणतो, ते तसंच राहू द्या.

हवाई दलाच्या १९५४च्या नियमावलीत या संज्ञेची व्याख्या आहे. तिचा आशय असा: जी वस्तू तिच्या चालीवरून, उड्डाणाच्या गुणांवरून किंवा एखाद्या विलक्षण वैशिष्ट्यावरून माहितीतल्या कुठल्याही विमानाशी वा क्षेपणास्त्राशी जुळत नाही, किंवा जी परिचित वस्तू असल्याचं खात्रीने सांगता येत नाही, ती यूएफओ. या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग नीट वाचा. तो वस्तूबद्दल बोलतच नाही. तो बोलतो ओळखणाऱ्याबद्दल, त्याला खात्री देता आली की नाही याबद्दल. यूएफओ हा वस्तूंचा प्रकार नाही, तो फाइलवरचा शेरा आहे.

इथे माझी ‘अज्ञात’बद्दलची तक्रार येते. अज्ञात म्हणजे ज्याचं ज्ञान नाही ते. अज्ञातवास, अज्ञात शक्ती, अज्ञाताचा प्रवास: या शब्दाला गूढाचा वास आहे आणि तो धुऊन जात नाही. ‘अज्ञात उडती वस्तू’ वाचलं की मन लगेच परग्रहाकडे धावतं, म्हणजे तबकडी काढूनही आपण तिथेच पोचलो. ‘अनोळखी’ थोडं बरं, पण ते माणसाला जास्त शोभतं. मराठीत याच कामासाठी घडलेला वाक्प्रचार पोलिसांच्या बातम्यांत रोज छापून येतो: ओळख पटणे. ‘मृताची ओळख अद्याप पटलेली नाही.’ या वाक्यात कुणाला गूढ वाटत नाही. कुणीतरी खटपट करतंय, कागद फिरतायत, उद्यापर्यंत पटेलही, एवढाच अर्थ निघतो. म्हणून माझी पसंती ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ला. पहिल्यांदा हे पूर्ण लिहा, मग खुशाल यूएफओ.

पटणे या क्रियापदाचा एक जादा फायदा आहे. ते ओळखीलाही लागतं आणि मनालाही. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात डेक्स्टर आणि हिल्सडेल परिसरात लोकांना रात्री दिवे दिसले. ब्लू बुकचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक यांनी पत्रकारांसमोर दलदलीतल्या वायूची शक्यता मांडली. हवाई दलाच्या लेखी ओळख पटली. मिशिगनकरांना काही ती पटली नाही. देशभर टिंगल झाली, तिथले अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य जेराल्ड फोर्ड (तेच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) यांनी सुनावणीची मागणी केली, आणि त्यातून कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र अभ्यास गेला. त्या अभ्यासाच्या अहवालानंतर डिसेंबर १९६९ मध्ये ब्लू बुक बंद झाला. इंग्रजीत या दोन घटनांना दोन वेगळी क्रियापदं लागतात. आपलं एकच पुरतं.

आता व्याकरणातली एक गोष्ट, जिच्याकडे विचारणाऱ्यांचं लक्ष सहसा जात नाही. यूएफओ ‘दिसला’, ‘दिसली’ की ‘दिसलं’? वस्तू स्त्रीलिंगी म्हणून ‘दिसली’ हा नियमाचा रस्ता आहे आणि त्यात काही चूक नाही. पण मराठी माणूस आकाशात खरोखर काही विचित्र बघतो तेव्हा काय म्हणतो? ‘अरे, ते बघ काहीतरी!’ नपुंसकलिंग. काय आहे ते ठरेपर्यंत आपण त्याला लिंग देत नाही; ‘ते’ आणि ‘काहीतरी’ म्हणतो. ओळख पटली की लगेच लिंग येतं: तो फुगा निघाला, ती शुक्राची चांदणी होती, ते विमानच होतं. हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने त्यांना ही सोय नाही. साक्षीदाराच्या तोंडची वाक्यं तुम्ही अनुवादित करता तिथे ‘मला एक यूएफओ दिसली’ असं लिहूच नका. ‘काहीतरी चमकत होतं, हळूहळू वर सरकत होतं’ असं लिहा. शेरा नंतर अधिकारी मारेल.

याचं आपल्याकडचं उदाहरण लडाखचं आहे. २०१२च्या ऑगस्टपासून पँगाँग सरोवराजवळ ठाकुंग इथल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या तुकडीने पिवळसर गोळे दिसल्याच्या शंभरावर नोंदी केल्या. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून गोळा वर यायचा, तीन ते पाच तास आकाशात सरकायचा आणि नाहीसा व्हायचा. लष्कराने डोंगरमाथ्यावर फिरतं रडार नेलं, वर्णपट विश्लेषक नेला. डोळ्यांना दिसत होतं ते रडारवर उमटत नव्हतं. चिनी ड्रोन असावेत हा संशय होताच. फेब्रुवारी २०१३पर्यंत नोंदी ३२९ झाल्या आणि त्यातल्या १५५ वेळा ते भारतीय हद्दीत शिरल्याचं धरलं गेलं. मग बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओळख पटवली: एक गुरू आणि दुसरा शुक्र.

बातम्यांत यावर भरपूर हसं झालं. मला मात्र त्या कागदांवरचा शब्द आवडला. लष्कराने ‘अनआयडेंटिफाइड ल्युमिनस ऑब्जेक्ट्स’ म्हटलं होतं. उडती नाही, प्रकाशमान. उडतंय हाही एक निष्कर्षच असतो आणि तो त्यांनी नावात तरी काढला नव्हता. ‘ओळख न पटलेल्या प्रकाशमान वस्तू’, हे भाषांतर करताना ‘तेजोगोल’ लिहायचा मोह आवरा. जाता जाता: भारत-तिबेट सीमा पोलीस हे निमलष्करी दल, अर्धसैनिक नव्हे. तो हिंदीचा शब्द मराठी बातम्यांत फार शिरलाय.

‘चौकशी’ की ‘तपास’, हेही मसुद्यात तुम्ही आलटून पालटून वापरलंय. तपासाला गुन्ह्याचा वास येतो. चौकशी समिती कशावरही बसते. ब्लू बुकसाठी चौकशी ठीक. पण एकेका घटनेच्या पातळीवर, म्हणजे अधिकारी त्या गावात गेला, साक्षी घेतल्या, हवामान खात्याचे फुगे कुठे होते ते पाहिलं, तिथे ‘शहानिशा’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. चौकशी नोंदींची, शहानिशा घटनेची. तुमच्या वाक्याचं मी असं करीन: ‘१९४७ ते १९६९ या काळात अशा वस्तू दिसल्याच्या १२,६१८ नोंदी अमेरिकी हवाई दलाकडे झाल्या, त्यातल्या ७०१ घटनांतल्या वस्तूंची ओळख शेवटपर्यंत पटली नाही.’ आणि कृपा करून ‘उडत्या तबकडीचं दर्शन’ नको. दर्शन विठोबाचं. ‘आढळली’ही नको; आढळते ती असतेच.

राहिला यूएपी. यात ‘ऑब्जेक्ट’ जाऊन ‘फिनॉमिनन’ आलं, म्हणजे वस्तू हाही निष्कर्ष नको असं ठरलं. फ्रेंचांनी हे फार आधी केलं होतं. त्यांच्या अंतराळ संस्थेत १९७७ मध्ये जो चौकशी गट स्थापन झाला त्याच्या नावातच वस्तूऐवजी ‘फेनोमेन’ आहे. पेंटागॉनच्या बाजूने २०२० मध्ये यूएपी टास्क फोर्स आला, जून २०२१च्या अहवालात १४४ नोंदी होत्या आणि ओळख एकाचीच पटली, हवा जात असलेल्या मोठ्या फुग्याची. मधलं ‘ए’ तेव्हा ‘एरियल’चं होतं. २०२२च्या अखेरच्या कायद्यात ते ‘ॲनॉमलस’चं झालं, कारण पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या नोंदीही पेंटागॉनच्या त्याच चौकशी कार्यालयाकडे द्यायच्या होत्या. म्हणून जुन्या यूएपीला ‘हवाई’ चालेल, नव्याला नाही. तारीख बघून शब्द निवडा.

‘फिनॉमिनन’साठी कोशात घटना, आविष्कार, प्रपंच असे शब्द मिळतात. घटना म्हटलं की काहीतरी घडलंच असं होतं, आविष्कारात कौतुक आहे, प्रपंच तर संसारातच नेतो. बोलण्यात आपण अशा वेळी ‘हा काय प्रकार आहे?’ म्हणतो. ‘प्रकार’ हा शब्द काहीच कबूल करत नाही: वस्तू नाही, प्राणी नाही, खरंखोटंही नाही. तेव्हा यूएपी म्हणजे ‘उलगडा न झालेले विचित्र प्रकार’. ‘विसंगत’ लिहिणारे लिहितात, पण विसंगत कशाशी हे वाचकाला लगेच सांगावं लागतं. मथळ्यात एवढं बसणार नाही हे खरं. तिथे यूएपीच ठेवा आणि पहिल्या परिच्छेदात फोड करून द्या.