गिटारमधे पेडल नोट म्हणजे काय? त्यासाठी पेडल विकत घ्यावा लागतो का?

पेडल नोट म्हणजे एकच सूर, बहुतेक वेळा बेसमधला (खालचा, जाड आवाजाचा), धरून ठेवायचा किंवा परत परत वाजवायचा आणि वर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलत राहायच्या, इफेक्ट पेडलशी (गिटारचा आवाज बदलणारा, पायाने दाबायचा डबा) याचा संबंध नाही त्यामुळे काही विकत घेऊ नका. नाव आलंय ऑर्गनवरून, तिथे खालचा सूर पायाच्या पट्टीने धरतात आणि हात मोकळे राहतात, गिटारवर हे काम ओपन तार (बोटाने न दाबता वाजवलेली) करते. करून बघायचं तर पाचवी तार (ए) ओपन वाजत ठेवा आणि वरच्या (बारीक) तीन तारांवर ए, डी, ई मेजर कॉर्डचे छोटे शेप (बोटांच्या जागा) फिरवा, ई आला की त्यातला जी शार्प खालच्या ए ला घासतो (दोन सूर एकमेकांशी जुळत नाहीत, ताण ऐकू येतो) आणि परत ए वर आलं की सुटल्यासारखं वाटतं, सगळी मजा त्या घासण्यातच आहे. मेटल रिफमधे (परत परत येणारी छोटी धून) सहावी तार पाम म्यूट करून (तळहाताने हलकी दाबून) मधेमधे पॉवर कॉर्ड (दोन सुरांची कॉर्ड) मारतात ते पण हेच. फक्त नुसता सूर रिपीट केला म्हणजे पेडल होत नाही, बाकीची हार्मनी (सोबतच्या कॉर्ड) बदलली पाहिजे. आणि तो खालीच हवा असंही नाही, वरची (पहिली, बारीक) ई तार धरून खाली कॉर्ड बदलल्या तर इन्व्हर्टेड पेडल.