सोलापुरातून पहिली साइट चढवताय? आधी एवढं बघा

चादरीच्या दुकानाची साइट घरच्या जुन्या पीसीवर ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. शिकायला जरूर ठेवा, गिऱ्हाइकांसाठी नको. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, लाइटचा भरवसा नाही, आणि घरच्या कनेक्शनला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपीच (बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही. डेटा सेंटरमध्ये, म्हणजे होस्टिंगवाल्यांचे सर्व्हर असतात तिथं, वीज गेली की यूपीएस तत्क्षणी भार उचलतो आणि तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. त्यासाठीच तर आपण पैसे मोजतो.

सुरुवातीला छोटा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरमधला आपल्यापुरता वेगळा केलेला भाग) किंवा शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पुष्कळ झालं.

- सर्व्हर मुंबईतला निवडा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई 400 किलोमीटरवर, अमेरिका हजारो. एक पान उघडायला गिऱ्हाइक आणि सर्व्हर यांच्यात अशा कितीतरी खेपा होतात, म्हणून जवळचा सर्व्हर बरा.
- ‘99.9 टक्के अपटाइम’ (साइट चालू राहण्याचा वेळ) म्हणजे होस्टिंगवाल्याला वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा.
- सर्व्हरवर लॉगिन करायला पासवर्डऐवजी एसएसएच की (आपल्या पीसीवर ठेवलेली किल्लीसारखी गुप्त फाइल) वापरा.

आणि बॅकअप! नवखे हमखास इथंच फसतात. दोन डिस्कचं रेड (दोन्ही डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी लिहिणारी जोडणी) म्हणजे बॅकअप नव्हे; फाइल पुसली की दोन्हीकडून जाते. मी एकदा रात्री चुकीचं फोल्डर उडवलं. बॅकअप होता, पण त्याच फोल्डरात. तीन वर्षांचे फोटो गेले. म्हणून एक प्रत दुसरीकडे ठेवाच, आणि महिन्यातून एकदा ती उतरवून खरंच चालते का बघा.

क्लस्टर, लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हर जोडून काम वाटून द्यायच्या यंत्रणा) वगैरेंना आत्ता हात लावू नका. आधी साइट चढवा.