आधी बैठक

पोरी, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, सोबतचा व्हिडिओही पाहिला. वूशूच्या स्पर्धेची तयारी करू की सिनेमातल्या स्टंटची, आणि जेट लीसारखी हवेत गिरकी घेऊन मारायची लाथ कधी जमेल, असं विचारतेस. उडी बरी आहे. उतरताना डावा गुडघा आत पडतो, त्याबद्दल मात्र पत्रात एक ओळ नाही.

जेट ली पडद्यावर आला 1982 मध्ये, ‘शाओलिन टेंपल’मधून. त्याच्या आधीची वर्षं कुणी बघत नाही. आठव्या वर्षी बीजिंगच्या क्रीडाशाळेत वू बिन यांच्या हाताखाली वूशू, म्हणजे चिनी युद्धकला, सुरू, 1974 मध्ये अकराव्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद, आणि 1979 पर्यंत असं पाचदा. चित्रपट आल्यावर चीनभरची पोरं शाओलिन मठ असलेल्या सोंगशान डोंगराकडे धावली. पायथ्याशी देंगफेंगला वूशूच्या निवासी शाळा फोफावल्या. आजही तिथे हजारो मुलं शिकतात. येतात लाथा बघून, आणि करावी लागते ती बैठक.

माबू. घोड्यावर मांड टाकल्यासारखं बसायचं. दोन पावलांत तुझ्याच पावलाच्या तिप्पट अंतर, बोटं सरळ पुढे, टाचा टेकलेल्या, पाठ ताठ, मांड्या जमिनीला समांतर. दोन्ही मांड्यांवर आडवी लाठी ठेव. गुडघ्यांकडे घरंगळली तर कंबर अजून वर आहे, पोटाकडे आली तर गरजेपेक्षा खाली बसलीस. सुरुवात 30 सेकंदांची, तीनदा, मध्ये एक मिनिट विश्रांती. दर आठवड्याला 10 सेकंद वाढव, दोन मिनिटांपर्यंत. मांड्या थरथरल्या तर थरथरू देत. गुडघे आत यायला लागले की मात्र लगेच ऊठ, घड्याळ बघत बसू नकोस. वाकडी बैठक धरून ठेवली की वाकडीच पक्की होते.

तू लहानपणापासून आखाड्यातल्या बैठका मारत आलीस ना, घोळ तिथे आहे. त्या बैठकीत टाचा उचलतात, गुडघे बोटांच्या पुढे जातात. तिथे ते बरोबरच, इथे गुण जातात. टाच टेकत नसेल तर पोटरी आखडली आहे. भिंतीला हात लावून मागचा गुडघा सरळ ठेवून 40 सेकंद ताण, मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा 40. दोन्ही ताण करायलाच हवेत, पहिला वरच्या स्नायूसाठी, दुसरा त्याखालच्या. बहुतेक जण दुसरा गाळतात आणि मग टाच का उचलते म्हणून विचारतात.

आता तुझी लाडकी गिरकी. 360, 540, 720 अंश, कितीही फिर, उतरायचं माबूतच, दोन्ही पाय एकदम. एक पाय आधी टेकला की सगळा भार त्या गुडघ्यावर, आणि अंगाची गिरकी अजून संपलेली नसते. तेव्हा गुडघा आत पडला की आतला लिगामेंट फाटतो. मग शस्त्रक्रिया, आणि बरेच महिने घरी. म्हणून म्हणतो, आधी बैठक.

गुण मोजून बघ. अवघड उड्यांच्या स्पर्धेत दहापैकी पाच हालचालींच्या शुद्धतेला, तीन एकूण सादरीकरणाला आणि उड्यांना सगळे मिळून दोन! मांडी समांतर नाही, टाच उचलली, धड झुकलं, की दर चुकीला 0.1 कापतात. 14 गुणिले 8 मीटरच्या गालिच्यावर किमान 80 सेकंद खेळायचंय तुला, त्यात असे 0.1 किती जातील?

सिनेमाचं म्हणशील तर 1991 च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’तली शिड्यांवरची मारामारी आवाज बंद करून बघ. तारा आहेत, बदली माणसंही आहेत. तरी प्रत्येक लाथेनंतर जेट लीची कंबर कुठे थांबते ते बघ. तार माणसाला वर नेते, खाली बसवत नाही. लढतीच्या प्रकारातही, म्हणजे सांदात, तेच. रोशिबिना देवीने 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 60 किलो गटात रौप्य मिळवलं तो हा प्रकार. तिथे लाथ पकडली गेली की एका पायावर तोल धरायचा असतो. मांडीत जोर नसेल तर पाठ गालिच्यावर. तेव्हा सिनेमा की स्पर्धा हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेव.

माझ्याकडे वर्षभर उडी शिकवत नाहीत म्हणून मुलं कंटाळून निघून जातात, हे मला ठाऊक आहे. जाऊ देत. पदकाच्या घाईत आधी उडी शिकवायची चूक आमच्या पिढीच्या प्रशिक्षकांनी केली, मीही केली, आणि त्याची किंमत मुलांच्या गुडघ्यांनी मोजली. आता हट्टी म्हणतात, म्हणू देत.

पुढचे दोन व्हिडिओ पाठव, मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून. एक समोरून, गुडघे दिसतील असा, आणि एक बाजूने, लाठी दिसेल असा. उडीचा पाठवलास तर उघडणार नाही.