वाचक विचारतात : हॉलमार्कची सक्ती कशाला?

प्रश्न : सराफी पिढ्यानपिढ्या शब्दावर चालली. लबाडी केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीवर जाईल, ही भीती पुरेशी नाही का? त्यात हॉलमार्कची, म्हणजे सोन्याच्या कसाच्या शिक्क्याची, सक्ती करून सरकारने कशाला पडायचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जाईल, पण लबाडी कळल्यावर. किडकी वांगी त्याच संध्याकाळी चिरताना कळतात. बांगडीचा कस बहुधा ती मोडायला नेल्यावर, म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी. तोवर कमी कसाचा माल विकणारा घडणावळीत सूट देत राहतो आणि सचोटीचा सराफ महागडा ठरतो. २२ कॅरेटच्या १० ग्रॅममध्ये शुद्ध सोने ९.१६ ग्रॅम, २० कॅरेटच्या १० ग्रॅममध्ये ८.३३. पाऊण ग्रॅमहून जास्त फरक, आणि दिसायला दोन्ही पिवळेधमक. कसोटीच्या दगडावरची सोन्याची रेघ वाचणारी नजर सराफाकडे असते, आपल्याकडे नाही.

राजीखुशीचा मार्ग आधी चोखाळून झाला होता. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना २००० साली आली ती ऐच्छिक. सक्ती १६ जून २०२१ पासून, तीही आधी २५६ जिल्ह्यांत. शिवाय सक्ती कसापुरती. घडणावळ सरकार ठरवत नाही, ठरवूही नये. चार दुकाने फिरून ती आपली आपल्याला ताडता येते.

प्रश्न : शिक्का खरा आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : दुकानात दहापट मोठे दाखवणारे भिंग मागा. तीन खुणा हव्यात : ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, कस (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि अक्षरे-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका. क्रमांक सापडला की लोक खूश होऊन थांबतात. पण दुसऱ्या डागावरून (दागिन्यावरून) उचललेला क्रमांकही सापडतोच. म्हणून पुढचे वाचा. ॲप ‘अंगठी’ म्हणते आणि हातात साखळी आहे, तर व्यवहार तिथेच थांबवा.

बिलात सोन्याचे निव्वळ वजन, कस आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहून घ्या. खड्यांचे वजन सोन्याच्या भावात जाता कामा नये. शुल्क दर नगाला ४५ रुपये अधिक जीएसटी, वजनावर नाही. पाटलीला आणि अंगठीला सारखेच. २ ग्रॅमखालचे डाग, तसेच कुंदन, पोलकी, जडाऊ सक्तीबाहेर आहेत. शिक्क्यानंतर कडी वाढवली किंवा डाक (जोडाचा सांधा) लावला, तर त्या जागी कस उतरू शकतो.

शंका राहिली तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात डाग स्वतः नेता येतो. कस मोजणारे एक्स-रे यंत्र फक्त वरचा थर वाचते, हे ध्यानात असू द्या. कस कमी निघाला तर विकलेल्या वजनावर जेवढ्या रकमेची तूट निघेल तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा असतो. मात्र जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर खरेदी केली असेल, तर डाग त्याच दुकानातला हे कशावरून दाखवणार?