गाडीबद्दल विचारा: घरी ऑइल बदलायचंय, जुनं ऑइल कुठे टाकू?

प्रश्न: नमस्कार, मी देवगड तालुक्यातली. आमची छोटी पेट्रोल गाडी सहा वर्षांची झाली, वॉरंटी संपलीये. फिरते कमीच, बाजार, बँक, मुलीची शाळा, वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर. गॅरेजवाले म्हणतात ऑइल दरवर्षी बदला, सासरे म्हणतात १०,००० झाल्याशिवाय कशाला. कोणाचं बरोबर? आणि हे काम घरी खळ्यात करता येईल का? गाडीचा जॅक आहे, चिरेही पडलेत. जुनं ऑइल मांगराच्या वाशांना वाळवीसाठी लावा असं सगळे सुचवतायत.

उत्तर: ताई, गॅरेजवाल्यांचं बरोबर आहे. मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा "१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं असतं, आपण त्यातलं पहिलंच वाचतो. तुमच्या वापराला तर वर्ष हेच खरं माप. बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर गेलात की इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, मग पेट्रोल जळताना होणारी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं, लांबच्या प्रवासात ते उडून जातं पण तुमच्याकडे साचत राहतं, आणि त्यात आपली हवा दमट. ऑइल भरायचं झाकण काढून आतून बघा, पिवळट दुधी साय दिसली तर ती ह्या वाफेचीच. पावसात थोडी साय धरते, एक लांब फेरी मारली की जाते. मात्र डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं, ऑइलच दुधाळ असेल तर आत पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) शिरलंय, तेव्हा गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीलाही हेच लागू, जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी भरलं तशा वेळी चावी फिरवून बघायचा मोह अजिबात नको.

घरी नक्की करता येईल आणि तुम्ही जरूर करा, फक्त चिऱ्यावर गाडी ठेवून खाली जाऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. जांभ्याची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते कारण तिथे वजन सगळ्या चिऱ्यांवर पसरतं, गाडीचं वजन मात्र चिऱ्याच्या एका टोकावर येतं, आणि चिरा आतून पोकळ आहे की भरीव ते बाहेरून कळत नाही, फुटतो तेव्हा एकदम फुटतो. नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही, तो चाक बदलण्यापुरता असतो आणि सारवलेल्या खळ्यात रुततो. दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय) घ्या, त्यांच्याखाली जाड फळी घाला, मागची चाकं जमिनीवरच ठेवून त्यांना अडसर म्हणून मात्र चिरे लावले तरी चालतील, हँडब्रेक ओढलेला ठेवा. एवढं जमत नसेल तर डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून काढणारा पंप मिळतो, त्याने गाडीखाली जायची गरज पडत नाही. फक्त फिल्टर वरून हाताला लागतो का ते आधी बघा.

बाकी काम सोपंय. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल आणा, ०डब्ल्यू-२० असेल तर तेच, "आपल्याकडे गरम हवा, जाड घाला" असं सांगणारे खूप भेटतील पण मागचा आकडा इंजिन तापल्यावरच्या जाडीचा असतो आणि ती जाडी कंपनीने इंजिन बघून ठरवलेली असते. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३ ते ३.५ लिटर लागतं. पाच-सात मिनिटं इंजिन चालवून बंद करा म्हणजे ऑइल पातळ होतं, उकळतं मात्र नको. हातमोजे घाला, वरचं झाकण सैल करा, खाली टब ठेवा आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट काढा. खाऱ्या हवेने तो गंजलेला असतो, नीट बसणारा रिंग पानाच वापरा, डोकं घासलं तर पुढे फार त्रास. नटाचा वायसर नवीन टाका, वीस-तीस रुपयांची वस्तू असते. फिल्टर काढताना जुनं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना बघा, तसंच राहिलं तर सगळं ऑइल तिथून बाहेर येईल. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा आणि हातानेच घट्ट करा. ऑइल थोडं कमीच भरा, मिनिटभर इंजिन चालवा, गळती बघा, गाडी सपाट जागी उतरवून थोडं थांबून डिपस्टिक बघा आणि मग लागेल तेवढं घाला. जास्त भरलेलंही वाईट, फेस होतो.

आता जुनं ऑइल. वाशांना लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे हे मला माहितीये, तरी लावू नका. त्यात इंजिनचा धातू आणि कॅन्सरला कारण ठरणारी रसायनं असतात, मांगरात आपण गवत ठेवतो, गुरं तिथेच वावरतात. आणि गडग्याच्या कडेला ओतणं तर त्याहून वाईट, कारण जांभा पाणी भराभर झिरपू देतो, मिरगाचा पहिला पाऊस पडला की ते थेट बावीच्या दिशेने. नवीन ऑइलचा रिकामा कॅन असतोच, नरसाळ्याने जुनं त्यातच भरा, वर मोठ्या अक्षरात लिहा, खोबरेलाच्या कॅनजवळ ठेवू नका, त्यात रॉकेल किंवा कूलंट मिसळू नका नाहीतर ते परत शुद्ध करता येत नाही. बाजारात जाल तेव्हा गॅरेजला द्या, त्यांच्या पिंपात जमा होतं आणि तिथून विकलं जातं, फक्त नोंदणी असलेल्या रिसायकलरला देतात ना ते विचारा. २०१६ च्या नियमांप्रमाणे हा घातक कचरा आहे. सांडलेल्यावर सॉ मिलचा भुसा टाका आणि तो भुसाही पिशवीत भरून सोबत न्या.

प्रश्न: माझी बीएस-६ डिझेल गाडी आहे, ऑइल बदलून आठवडा झाला नाही तर काळं! दुकानदाराने फसवलं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: काळं झालं म्हणून फसवलं असं होत नाही. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑइलचंच काम आहे. तुम्ही दोन गोष्टी बघा. एक, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीला कमी राख होणारं ऑइल लागतं, कॅनवरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवा, चुकीचं असेल तर ती राख फिल्टरमध्ये साचते आणि तो फिल्टर महाग आहे. दुसरं, डिपस्टिकवरची पातळी वाढतेय का. डीपीएफमध्ये साचलेली काजळी गाडी चालता चालता स्वतःच जाळते, छोट्या फेऱ्यांत ही साफसफाई अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर मुदतीची वाट न बघता ऑइल बदलून घ्या.