वाचक विचारतात : शोकमग्न मरिया

प्रश्न : रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातल्या मिकेलांजेलोच्या ‘पिएता’ शिल्पात मृत येशूला मांडीवर घेतलेली त्याची आई मरिया मुलाहून तरुण दिसते आणि अंगाने मात्र थोराड. शिल्पकाराचं प्रमाण चुकलं का?

उत्तर : चुकलेलं नाही, मुद्दाम बिघडवलेलं आहे. पूर्ण वाढलेला पुरुष बाईच्या मांडीवर आडवा ठेवला, की डोकं आणि पाय दोन्हीकडे लोंबणारच. १३०० च्या सुमारास जर्मनीत हा विषय लाकडात घडू लागला, तेव्हा येशूचं शरीर काटकुळं, ताठ कोरून वेळ मारून नेली जाई. (बायबलमधल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, हा प्रसंगच नाही. आई क्रुसाजवळ उभी होती, एवढंच योहान सांगतो.) मिकेलांजेलोने १४९८-९९ मध्ये मरियेची मांडी रुंद केली आणि ती लबाडी वस्त्राच्या चुण्यांत लपवली. दोघांची डोकी मात्र जवळपास एकाच मापाची ठेवली, त्यामुळे समोरून शंका येत नाही. शिल्पाची उंची १७४ सेंमी, तीही मरिया बसलेली असताना. उभी राहिली तर केवढी होईल, बघा.

वयाबद्दल त्याचं उत्तर शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे : निष्कलंक स्त्रीचं रूप टिकतं. पटो न पटो, चेहरा शांत राहिल्याने शोकाचा सगळा भार तिच्या उघड्या डाव्या तळव्यावर आला. २१ मे १९७२ रोजी एका माथेफिरूने हातोड्याने नेमका तोच हात कोपरापासून तोडला. नाक आणि पापणीही फोडली. तुकडे जुळवून, उरलेल्या खाचांत संगमरवराची पूड राळेत कालवून भरली. आता शिल्प काचेआड असतं.

प्रश्न : आमच्या तसबिरीत मरियेच्या छातीत एक तलवार आहे, वसईच्या नातेवाइकांकडे सात. बरोबर कुठली?

उत्तर : दोन्ही. एक तलवार शिमोनाच्या भाकिताची : तुझ्या जिवातूनही तलवार जाईल, असं तो मंदिरात मरियेला म्हणाला (लूक २:३५). सात म्हणजे सात दुःखं : ते भाकीत, इजिप्तला पलायन, मंदिरात हरवलेला येशू, क्रूस वाहताना झालेली भेट, क्रुसावरचं मरण, देह खाली उतरवणं आणि दफन. सण १५ सप्टेंबरला. मात्र हृदयाभोवती गुलाब आणि वर ज्वाळा असेल, तर ती मरियेच्या निष्कलंक हृदयाची, म्हणजे वेगळ्याच भक्तीची तसबीर. तिच्यातही एक तलवार असू शकते. मूर्तीत तलवारी चार-पाचच भरल्या, तर छातीवर रिकामी भोकं शोधा. वेगळ्या बसवलेल्या तलवारी गळून पडतात.

प्रश्न : स्पेनमधल्या सेव्हिलच्या ‘माकारेना’ या मरियेच्या मूर्तीच्या गालांवरचे अश्रू रंगवलेले आहेत का?

उत्तर : नाही, काचेचे, पाच. कोरीव फक्त चेहरा आणि हात, वस्त्रांखाली लाकडी सांगाडा. म्हणून पोशाख बदलता येतो. १९२० मध्ये बैलांशी झुंजणारा होसेलितो झुंजीत मेला, तेव्हा तिला काळी शोकवस्त्रं नेसवली होती.